एरिक कार्ल यांचा सुरवंट आणि सोयाबीनवरची अळी : मुलांना काय सांगावे?

प्रश्न : शिक्षिका, जि. प. शाळा, परभणी जिल्हा

आनंददायी शनिवारी मी पहिली-दुसरीच्या मुलांना एकेका लेखक-चित्रकाराची ओळख करून देते. या वेळी एरिक कार्ल यांचे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' घेतले आणि मराठीत सांगत पाने उलटली. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नाशपाती, असे करत भोकांतून बोटे घालण्यात मुले रमली; परंतु शेवटी एकाने, "मॅडम, ही आमच्या सोयाबीनवर आली असती तर बाबांनी फवारा मारला असता," असे सांगितले आणि सारा वर्ग बोंडअळी, उंटअळी, घाटेअळीवर बोलू लागला. ज्यांच्या घरचे पीक अळीने खाल्ले आहे, त्यांच्यापुढे सुरवंटाचे कौतुक करणे योग्य आहे का? शिवाय कार्ल यांच्या आयुष्यातला कोणता भाग सांगावा? त्यांचे बालपण युद्धातल्या जर्मनीत गेले, तो भाग इतक्या लहान मुलांना झेपेल का?

उत्तर १ : ग्रंथपाल, नांदेड

ताई, त्या मुलाचे म्हणणे पुस्तकाच्या विरोधात जात नाही. कार्ल यांचा सुरवंटही शनिवारी केक, आइस्क्रीम, चीज, सलामी, कलिंगड अशा दहा जिनसांचा फडशा पाडतो आणि रात्री पोट धरून बसतो. (या पोटदुखीवरून कार्ल यांचे प्रकाशकांशी भांडण झाले, अशी एक मुलाखत फिरत असते. ती मुळात विडंबन होती. मे २०२१ मध्ये ते वारले तेव्हा काही वृत्तमाध्यमांनीही ती खरी मानून छापली आणि मागाहून दुरुस्ती दिली. ती वर्गात सांगू नये.)

त्यांचा जन्म २५ जून १९२९ रोजी अमेरिकेतील सिराक्यूज येथे जर्मन आईवडिलांच्या पोटी झाला आणि १९३५ मध्ये, आईला माहेरची ओढ लागल्यामुळे, हे कुटुंब जर्मनीत श्टुटगार्टला परतले. वडील लहानग्या एरिकला रानात फिरायला नेत, दगड उलटून किंवा झाडाची सुटलेली साल उचलून खालचे जीव दाखवत, त्यांच्याविषयी सांगत आणि मग तो जीव जपून जागच्या जागी ठेवत. पुढे कार्ल यांच्या पुस्तकांत जे कोळी, काजवे, रातकिडे आले, त्यांचे मूळ या फिरण्यात आहे, असे ते स्वतः सांगत असत. १९३९ मध्ये वडील सैन्यात गेले, पुढे रशियनांच्या कैदेत पडले आणि १९४७ च्या अखेरीस परतले तेव्हा त्यांचे वजन चाळीस किलोही भरत नव्हते.

माझ्या मते पहिली-दुसरीला दगड उलटणारे वडील पुरेत. वडिलांच्या कैदेची हकीकत चौथी-पाचवीपर्यंत थांबू शकते. मात्र एक प्रसंग आताच सांगा. युद्धकाळात शत्रूच्या विमानांना दिसू नयेत म्हणून इमारती मळकट हिरव्या, करड्या, तपकिरी रंगांनी झाकल्या होत्या. अशा दिवसांत क्राउस नावाच्या चित्रकला शिक्षकांनी या मुलाला घरी बोलावून नाझींनी बंदी घातलेल्या चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती गुपचूप दाखवल्या. त्यांत फ्रान्झ मार्क यांचा निळा घोडा होता. कार्ल यांनी २०११ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, निळा घोडा रंगवणाऱ्या चित्रकारावर पुस्तक काढले.

फवारणीबाबत मुलांशी वाद घालू नये, कारण शेतावरची अळी हा त्यांच्या घरच्या पोटाचा प्रश्न आहे. त्याऐवजी बांधावरच्या रुईकडे न्यावे. तिच्या पानांखाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी सापडते; ती रुईच्या जातीची झाडे सोडून आपल्या कोणत्याही पिकाला तोंड लावत नाही. तिचा हिरवट कोश पानाला उलटा टांगलेला असतो आणि त्यावर सोनेरी ठिपके चमकतात. पाने मात्र तुम्हीच तोडा. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते.

उत्तर २ : रेशीम उत्पादक शेतकरी, बीड जिल्हा

मॅडम, आमच्याकडे अळी हेच पीक आहे. तुतीचा पाला टाकला की शेडमध्ये पावसासारखा आवाज येतो आणि चार वेळा कात टाकल्यावर ती तोंडातून धागा काढून कोष विणते, तो आम्ही बाजारात विकतो. त्यामुळे अळी म्हणजे केवळ नुकसान, असे आमची मुले म्हणत नाहीत. तुमच्या वर्गाला एखाद्या रेशीम शेडवर अवश्य घेऊन जावे. मात्र त्याआधी अंगणात वा शेतात फवारणी झालेली नाही ना, हे पाहावे, कारण कपड्यांवरून आलेला औषधाचा अंशही आमच्या अळ्यांना मारतो.

एक शंका मुले नक्की काढतील. पुस्तकातला सुरवंट स्वतःभोवती घर बांधतो आणि ते कुरतडून फुलपाखरू होऊन बाहेर येतो. धाग्याचे असे घर पतंग विणतात. बहुतेक फुलपाखरांचा कोश उघडाच टांगलेला असतो आणि त्याचे कवच उकलते. कार्ल यांनाही हे विचारले गेले होते. हिमालयासारख्या थंड डोंगरांत आढळणारी काही फुलपाखरे कोष विणतात, हे उत्तर त्यांच्याजवळ होतेच. पण लहानपणी आपण गप्प बसलो की वडील "कोषातून बाहेर ये" म्हणत, हेही ते सांगत. मला हे दुसरे उत्तर अधिक पटते.

उत्तर ३ : कलाशिक्षक, लातूर

वरील दोन्ही उत्तरांत त्यांचे काम राहून गेले. १९५२ मध्ये खिशात चाळीस डॉलर घेऊन ते न्यूयॉर्कला आले आणि अनेक वर्षे जाहिरातींची चित्रे करत होते. औषधाच्या एका जाहिरातीतला त्यांचा लाल शेवंडा (लॉब्स्टर) पाहून लेखक बिल मार्टिन यांनी आपल्या मजकुराला चित्रे काढण्यासाठी त्यांना विचारले. ते पुस्तक १९६७ मध्ये आले, तेव्हा कार्ल अडतीस वर्षांचे होते. सुरवंट त्यानंतर दोन वर्षांनी आला. कागदांच्या गठ्ठ्याला पंचने भोके पाडताना त्यांना पुस्तक पोखरणारा किडा सुचला होता. किड्याऐवजी सुरवंट घ्यावा, ही सूचना संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांची. भोकांची आणि लहान-मोठ्या पानांची छपाई अमेरिकेत परवडेना, म्हणून बेनेड्यूस यांनी जपानमध्ये छापखाना शोधला.

वर्गात करायचे असेल तर त्यांची पद्धत सोपी आहे. ते पातळ पांढऱ्या कागदावर आधी नुसते रंग फासत, ब्रशने, स्पंजने, कधी गालिच्याच्या तुकड्याने. वाळलेले कागद रंगानुसार खणांत लावून ठेवत आणि हवा तो आकार कापून पुठ्ठ्यावर चिकटवत. आपल्याकडे पांढरा पतंगी कागद चालतो. तयार रंगीत कागद घेऊ नका. त्याचा रंग उन्हात उडतो आणि खळीने पसरतो. पोस्टर रंगही खळ लागली की सुटतात, त्यामुळे अ‍ॅक्रिलिकच वापरा. मोठ्या बाटल्या घेतल्यास वर्गाला परवडतात. एका शनिवारी फक्त कागद रंगवा आणि कापाकापी पुढच्या शनिवारी ठेवा, कारण ओला पतंगी कागद मुलांच्या हातात टिकत नाही.