मदत हवी आहे: गॅलियम-इंडियमच्या सेन्सरचा सांधा गळतोय

मंडळी, बोटाची हालचाल मोजणारा सेन्सर करतेय. सिलिकॉन रबरात अर्ध्या मिलिमीटरची पोकळ वाट ठेवून तिच्यात सुईने ७५ टक्के गॅलियम, २५ टक्के इंडियम या धातूंचं मिश्रण भरलं. ते १५-१६ अंशांनाच वितळतं, म्हणून खोलीत पातळ राहतं. पट्टी दुप्पट ताणली तरी विजेचा प्रवाह तुटत नाही, बघतच राहावं!

अडचण टोकाला आहे. तांब्याची तार आत शिरते तिथे आठवड्याभरात रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) उड्या मारायला लागतो, आणि ताण दिला की तारेच्या कडेने चंदेरी थेंब डोकावतो. गॅलियम तांब्यात मुरतं हे ठाऊक आहे (ॲल्युमिनियम तर पोखरतंच, ते लांबच ठेवलंय). टंगस्टन किंवा ग्राफाइटची टोकं कुणी वापरलीत का? आणि रबराने तार घट्ट धरावी म्हणून काय लावता?