बंडी बैलांना तेवढ्याच बलाने मागे ओढत असेल, तर ती पुढे जाते कशी?

प्रश्न (विद्यार्थिनी, इयत्ता नववी, यवतमाळ जिल्हा)
क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल परिमाणाने समान व दिशेने विरुद्ध असतात, हा न्यूटनचा तिसरा नियम मला पाठ आहे. परंतु काल कापसाने भरलेली आमची बंडी शेतातून निघताना पाहिली आणि गोंधळ झाला. दोन्ही बले समान असतील, तर ती एकमेकांना रद्द करतील आणि बंडी हलणारच नाही. बाबा म्हणतात की बैलांचा जोर थोडा जास्त असतो. मग चूक कोणाची, नियमाची की बाबांची?

उत्तर १ (शेतकरी)
तुझ्या बाबांचे म्हणणे मला पटते. बंडी निघताना बैल हिसका देतात, तेव्हा त्यांचे बल जास्त असणारच. तिसरा नियम बहुधा थांबलेल्या वस्तूंपुरता असावा.

उत्तर २ (विज्ञान शिक्षिका)
वरील मताशी मी सहमत नाही. हिसका देतानाही जुवाजवळची दोन्ही बले समानच असतात. मात्र त्यांतील एक बंडीवर कार्य करते आणि दुसरे बैलांवर, आणि निरनिराळ्या वस्तूंवरील बले एकमेकांना रद्द करू शकत नाहीत. बंडी निघेल की नाही हे ठरवताना केवळ बंडीवरील बले मोजावीत: बैलांची ओढ पुढे, चाकांचा विरोध मागे. बैलांना पुढे कोण ढकलते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर जमीन हे आहे. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते.

आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. बंडी ८०० किलोग्रॅम, बैलजोडी ७०० किलोग्रॅम, जमिनीचा पुढे रेटा ५०० न्यूटन आणि चाकांचा विरोध २०० न्यूटन मानू. एकूण १५०० किलोग्रॅमवर असंतुलित बल ३०० न्यूटन, म्हणून त्वरण ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. एकट्या बंडीला हे त्वरण मिळण्यासाठी १६० न्यूटन लागतात. त्यात विरोधाचे २०० मिळवले की ओढ ३६० न्यूटन होते. आता बैलांकडून ताळा पाहा: ५०० मधून ३६० वजा केल्यास १४० उरतात आणि १४० भागिले ७०० म्हणजे पुन्हा ०.२ येतात.

विद्यार्थिनी
ताळा जुळला. पण पुढे सडकेवर बंडी एकाच वेगाने चालते, तेव्हा काय होते?

उत्तर २ (विज्ञान शिक्षिका)
तेव्हा त्वरण शून्य असते, म्हणून ओढ चाकांच्या विरोधाएवढीच, म्हणजे वरील आकड्यांत २०० न्यूटन राहते. गती टिकवायला असंतुलित बल लागत नाही, हा पहिला नियम आहे. बैल दमतात ते हा विरोध सतत सोसावा लागतो म्हणून.

उत्तर ३ (निवृत्त मुख्याध्यापक)
अवकाळी पावसानंतर काळ्या मातीत हेच उलट बाजूने दिसते. चाके रुतल्याने विरोध वाढतो आणि खुरे घसरल्याने जमिनीचा रेटा घटतो. बैल तितकेच बळकट असूनही बंडी अडते. अशा वेळी आपण खुरांखाली आणि चाकांपुढे पऱ्हाट्या टाकतो. वर्गात दाखवायचे असल्यास दोन ताणकाटे एकमेकांत अडकवून दोन मुलांना ओढायला सांगावे. एक मुलगा दुसऱ्याला फरफटत नेत असला, तरी दोन्ही काट्यांवरील वाचन सारखेच येते. काटे मात्र आधी शून्यावर आणून घ्यावेत, शाळेतले सहसा तसे नसतात.