घरी रिलोडिंग: डिलन ५५० घेऊ की ७५०?

टेक्सासवाला: नमस्कार मंडळी, ह्यूस्टनला असतो, यूएसपीएसए (अमेरिकेतली नेमबाजी संघटना) मॅचेस खेळतो. महिन्याला ९ एमएमच्या हजारेक गोळ्या तरी उडतात आणि विकतच्या आता परवडेनात, म्हणून रिलोडिंग, म्हणजे उडवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरायच्या. पुंगळ्या पोतंभर साठल्यात. सिंगल स्टेजवर (एका वेळी एकच काम करणारी प्रेस) शिकलोय पण एका गोळीला चार वेळा हँडल ओढायचं म्हणजे अख्खा रविवार जातो. पुढेमागे .२२३ (रायफलची गोळी) पण करायचंय. डिलन कंपनीची कुठली प्रेस (गोळ्या भरायचं यंत्र) घेऊ?

वाळवंटी: ९ एमएम एवढं लागत असेल तर सरळ ७५० घे. पाच स्टेशनं (एकेका कामाच्या जागा) आहेत, पुंगळ्या धरणारी शेलप्लेट आपोआप फिरते, पुंगळ्या पुरवणारा केस फीडर नंतर लावता येतो. ५५० ला चार स्टेशनं आणि प्लेट हातानं फिरवायची, मध्येच फोन वाजला, फिरवायची राहिली आणि परत हँडल ओढलं की त्याच पुंगळीत दुप्पट पावडर (बंदुकीची दारू), बंदूक फुटते रे! ७५० वर पावडर चेकला जागा मिळते, पावडर कमीजास्त पडली की बझर वाजतो. तो पहिल्या दिवशीच लाव.

जुना_नेमबाज: .२२३ मनात असेल तर ५५० सोडू नकोस. कॅलिबर बदलायला स्वस्त आणि सोपी. .२२३ ची पुंगळी आधी ल्यूब करा (वंगण लावा), साइझ करा (दाबून मापात आणा), लांबी वाढली असेल तर कापा, मग पुन्हा प्रेसवर, त्यात ऑटो इंडेक्सचा (प्लेट आपोआप फिरण्याचा) वेग फारसा कामी येत नाही. आणि प्रेस कुठलीही घे, दिवा असा लाव की बुलेट (गोळीचं पुढचं टोक) ठेवायच्या आधी प्रत्येक पुंगळीतली पावडर डोळ्यांना दिसली पाहिजे. पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या (पुंगळीच्या तळाची ठिणगी पाडणारी टोपी) जोरावर बुलेट नळीत अडकते, मागून दुसरी मारली की नळी गेली. आवाज फुसका आला की तिथेच थांबायचं, मॅच गेली खड्ड्यात.

वाळवंटी: हे शंभर टक्के. आणि पुंगळ्या निवडून घे, तळाला वर्तुळात क्रॉस दिसला की नाटोची, तिचा प्रायमर क्रिम्प केलेला (कडा दाबून घट्ट बसवलेला) असतो, तो क्रिम्प काढल्याशिवाय नवा प्रायमर धड बसत नाही.

पंचगंगा: कोल्हापुरातून वाचतोय, इथे घरी करता येतं का?

जुना_नेमबाज: नाही हो, १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्या भानगडीत पडू नका. शिवाय तुमच्याकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ती .२२ रिमफायर, तिचा प्रायमरचा मसाला कडेतच भरलेला असतो, ती घरी रिलोड करायची नसतेच.

टेक्सासवाला: मग ७५० आणि पावडर चेक, .२२३ ला सिंगल स्टेज आहेच. वापरलेली मिळतेय, घेऊ?

वाळवंटी: घे बिनधास्त, डिलनची आजीवन वॉरंटी दुसऱ्या मालकालाही चालते. फक्त शेलप्लेट ९ एमएमचीच आहे ना ते बघून घे.