ठाण्यातून जुनापाणीला गेलो होतो

‘सरकारने कुंपण घालून जपावं असं त्या दगडांच्या ढिगात आहे काय?’ हा शिळावर्तुळांबद्दलचा, म्हणजे दगडांचं कडं घातलेल्या प्राचीन दफनांबद्दलचा, काकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. नागपूरजवळच्या जुनापाणीला पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही दोन शिळावर्तुळांमधून चालत गेलो आणि विचारलं, ‘दफनं कुठायत?’ पारसिकच्या डोंगराखाली वाढलेल्या माणसाला दगडाचं काय कौतुक!

मोठ्या धोंड्यांचं कडं आणि आत माती-गोट्यांची भर, एवढंच वरून दिसतं. त्याखाली लोहयुगातल्या लोकांची हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर. अशी सुमारे 300 वर्तुळं तिथे आहेत. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेत. उन्हं कलली की ते ठळक उठून दिसतात, म्हणून दुपारी जाऊ नका. मला सगळ्यात भावला तो मात्र जवळच्याच माहुरझरीचा घोडा. तिथे मालकाबरोबर घोडाही पुरलाय, डोक्यावर तांब्याच्या दागिन्यासकट. हौस बघा!

राहिला कायद्याचा मुद्दा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढे आणखी 200 मीटर परवानगी घेऊनच. 2010 च्या दुरुस्तीपासून हे कायद्यातच आहे. नवी मुंबईच्या घणसोलीत एवढ्या जागेत चार टॉवर उभे राहतील, हे खरं. पण धोंडा एकदा हलवला की खालचा थर विस्कटतो, आणि कुठली वस्तू कुणाजवळ ठेवली होती हे मग कुणीच सांगू शकत नाही.