मदत हवी आहे: तीन इंडेक्स ईटीएफ आहेत, पण जोखीम खरंच विभागली गेली आहे का?

जाणकारांना विचारायचं आहे. माझ्याकडे तीन ईटीएफ (एखादा निर्देशांक धरून चालणारे, शेअरसारखे बाजारात विकले-घेतले जाणारे फंड) आहेत: एमएससीआय वर्ल्ड (विकसित देशांमधल्या कंपन्या), एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या) आणि नॅस्डॅक-१०० (अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारातल्या मोठ्या कंपन्या). उद्देश जोखीम विभागण्याचा. पण तिन्हींच्या पहिल्या दहा कंपन्या शेजारी शेजारी मांडल्या, तर बहुतेक नावं तीच! वर्ल्डमध्ये २३ विकसित देश आहेत खरे, पण दोन-तृतीयांशाहून जास्त वजन एकट्या अमेरिकेचं.

वर्ल्ड ठेवून उरलेले दोन कमी करून उदयोन्मुख बाजारांचा (भारत, चीनसारख्या देशांचा) ईटीएफ घ्यावा का? हे पैसे बरीच वर्षं लागणार नाहीत, रोखे वेगळे आहेत. अडचण अशी की मी पाहिलेल्या ईटीएफमध्ये रोजचे व्यवहार फारच कमी दिसतात. विकायच्या वेळी घेणाराच नसला तर? (खर्चाचं प्रमाण तपासलं आहे, कृपया त्यावर गाडी नेऊ नका.)

प्रतिसाद:
तिन्ही ठेवलेत तर अमेरिकेतल्या मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर तुमचा भार बाजारापेक्षा जास्त होतो. जाणूनबुजून करत असाल तर हरकत नाही. नॅस्डॅक-१०० मध्ये तर वित्तीय कंपन्या घेतच नाहीत, त्यामुळे तो संपूर्ण बाजार मानू नका. मी असतो तर वर्ल्ड गाभ्याला ठेवला असता. मात्र विकण्याआधी कर बघा. नवी गुंतवणूक दुसरीकडे वळवूनही प्रमाण हळूहळू बदलतं.

व्यवहार कमी दिसले म्हणून घाबरू नका. ईटीएफची तरलता (हवं तेव्हा सहज विकता येणं) मुख्यतः आतल्या शेअर्सवर ठरते. मागणी वाढली की अधिकृत सहभागी संस्था (फंडाशी थेट व्यवहार करणाऱ्या मोठ्या वित्तीय संस्था) शेअर्सचा संच फंडाला देऊन नवी युनिट्स घेतात. विक्री वाढली की युनिट्स परत करून शेअर्स नेतात. तुम्ही बघायचं ते खरेदी आणि विक्रीच्या भावांतलं अंतर. आतल्या शेअर्सचे मूळ बाजार त्या वेळी बंद असतील तर ते वाढतं. लिमिट ऑर्डरच (आपण भावाची मर्यादा ठरवून दिलेली ऑर्डर) टाका, आणि बाजार उघडल्या उघडल्या नको.

प्रश्नकर्ता:
आभार. मग विकत काहीच नाही, नॅस्डॅकमधली नवी भर तेवढी थांबवतो. उदयोन्मुखमध्ये एफटीएसईचा (एमएससीआयसारखीच निर्देशांक बनवणारी दुसरी कंपनी) निर्देशांक धरणारा एक बरा वाटतोय. चालेल?

प्रतिसाद:
थांबा! दक्षिण कोरिया एमएससीआयच्या लेखी उदयोन्मुख, एफटीएसईच्या लेखी विकसित. वर्ल्ड एमएससीआयचा आणि उदयोन्मुख एफटीएसईचा घेतलात तर कोरिया दोन्हींतून निसटतो. पोलंडचंही तेच. दोन्ही एकाच कंपनीच्या निर्देशांकांवरचे घ्या.