जेवणाऐवजी शेक: कोणी कोणी केलंय? अनुभव लिहा

खिडकीपाशी
माळा आवरताना जुना शेकर सापडला, वजन उतरवायच्या पावडरचा शेक घुसळायचा झाकणवाला ग्लास. आत ती तारेची गोळी अजून खुळखुळत होती. झाकण उघडलं आणि आठ वर्षांपूर्वीचा व्हॅनिला थेट नाकात. धुऊन ठेवला होता हो, तरी!

तेव्हा सकाळी एक शेक, रात्री एक, दुपारी जेवण असं साडेतीन महिने केलं होतं. अकरा किलो उतरले. पहिल्या आठवड्यातच अडीच किलो गेले तेव्हा घरभर नाचले. त्यातलं बरंचसं पाणी होतं हे नंतर कळलं. पण शेकर बघून वजन नाही आठवलं. रात्री सगळे ताटावर बसायचे आणि मी ग्लास घेऊन. दीड मिनिटात माझं जेवण खल्लास. मग उठून ओटा पुसत बसायचे. इतका लख्ख ओटा आमच्याकडे आधी नव्हता, नंतरही नाही. लेक पाच वर्षांची होती, एकदा हळूच म्हणाली, "आई, तुला बरं नाहीये का?"

सोडल्यावर दीड वर्षात तेरा किलो परत आले. अकरा मुद्दल, दोन व्याज.

तुमचंही लिहा. कंपन्यांची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

पावशेर
तारेची गोळी!! माझी एकदा मिक्सरच्या भांड्यात राहिली होती. पुढचं सांगत नाही.

मुंगीपावलं
सांगा की

पावशेर
नवीन मिक्सर. बास.

कोरडेठाक
मी दीड महिना रोज दुपारी शेक प्यायलो आणि दोन किलो वाढलो. ऑफिसातल्या एकीने विचारलं, जेवणाऐवजी घेतोस ना? मी म्हटलं, ऐवजी?? मी जेवणानंतर घेत होतो. मला वाटायचं त्याने चरबी विरघळते.

खिडकीपाशी
कोरडेठाक, चहा सांडला माझा 😂

बिनसाखरेचा
हसू नका, माझी गंमत उलटी आहे. भाच्याचा जिमचा प्रोटीनचा डबा उचलला आणि तिन्ही वेळा तेच, पाण्यातून. एका स्कूपला जेमतेम १२० कॅलरी, म्हणजे दिवसभराच्या झाल्या ३६०. त्यात स्निग्ध नाही, तंतू नाहीत, जीवनसत्त्वं नाहीत. सहाव्या दिवशी जिन्यात डोळ्यांपुढे काजवे. जेवणाऐवजी घ्यायची पावडर वेगळी असते हो. युरोपात तर नियमच आहे, 'जेवणाऐवजी' असं म्हणून विकायचं तर एका वेळेला २०० ते २५० कॅलरी हव्यात आणि जीवनसत्त्वं, खनिजंही ठरलेल्या प्रमाणात. डब्याची मागची बाजू वाचा, पुढची नाही. पुढे नुसती सपाट पोटं असतात.

शेवटचा_बाक
वाचतेय. (ग्लास हातात आहे, दिवस चौथा, चिडचिड भयंकर)

उंबरा
मी विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाही असं झालं. लिहितेच, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडेल.

बहिणीच्या लग्नाआधी दोन महिन्यांत चौदा किलो. डॉक्टर वगैरे कुणी नाही, मैत्रिणीने दिलेला डबा आणि माझी जिद्द. चारही वेळा शेक, तेही पाण्यात, दूध नको म्हणून. लोक वा वा करत होते आणि मला स्वयंपाकघरात कुणी भांडं आपटलं तरी रडू यायचं. थंडी इतकी वाजायची की भर उन्हाळ्यात मोजे. लग्न झालं, फोटो छान आले. आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री दोनला उजव्या बरगडीखाली असं दुखायला लागलं की मला वाटलं हार्टच. मागे खांद्यापर्यंत कळ. पित्ताशयात खडे! सर्जननी पहिलाच प्रश्न विचारला, "वजन किती दिवसांत उतरवलंत?" त्यांनी सांगितलं ते असं: झपाट्याने बारीक होताना पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, आणि खाण्यात स्निग्ध नसलं की पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही. पित्त तिथेच साचतं, खडे धरतात. पित्ताशय काढावं लागलं.

एवढ्यावर भागलं नाही. त्याच सुमारास केसांचे पुंजके हातात यायला लागले. उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात म्हणे, म्हणून कुणाला शेकचा संशयच येत नाही. मी तीन शाम्पू बदलले. केस आले परत, पित्ताशय कुठलं येतंय.

मुंगीपावलं
बाप रे. उंबरा, आता कशी आहेस?

उंबरा
मस्त. तुपकट खाल्लं की पोट लगेच हिशेब मागतं, एवढंच.

निरोगीजीवन_२४
माझ्याकडे १०० टक्के नैसर्गिक शेक आहे, साइड इफेक्ट शून्य, निरोप पाठवा 🙏

पावशेर
आले!

कोरडेठाक
दादा, जेवणाऐवजी की जेवणानंतर?

सावकाश_जा
आमच्याकडचा अनुभव चांगला आहे, तोही लिहिते. नवऱ्याला डायबेटिस, निदान होऊन तेव्हा तीन वर्षं. डॉक्टरांनी स्वतः सुचवलं. ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी झाली होती, निकाल २०१७ मध्ये आले. टाइप २ च्या लोकांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरी, सगळ्या शेक नाहीतर सूपमधून. वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती, नेहमीच्या उपचारवाल्यांत फक्त ४ टक्के. दुसऱ्या वर्षी ४६ चे ३६ झाले, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. ह्यांच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या, नाहीतर इतक्या कमी खाण्यावर साखर धाडकन पडली असती. आपल्या मनाने कुणी करू नका, इन्शुलिनवाल्यांनी तर मुळीच नको.

खरी परीक्षा शेक संपल्यावर. जेवण एकदम सुरू नाही केलं. आधी एक वेळ जेवण, बाकी शेक, मग दोन वेळा, असं सहा आठवडे. मला ते बाळाला वरचं सुरू करतात तसं वाटायचं. हे ताटापुढे बसून विचारायचे, "किती घेऊ?" पन्नाशीचा माणूस! शेक असताना किती हा प्रश्नच नव्हता ना. पंधरा किलो गेले होते, चार वर्षांत पाच परत आलेत. साखर अजून गोळीविना.

खिडकीपाशी
सावकाश_जा, "किती घेऊ" हे मला तेव्हा कुणालाच विचारता नाही आलं. साडेतीन महिने डब्याने ठरवलं, आणि सोडलं त्या रात्री मी जी जेवले...

बिनसाखरेचा
अवांतर: थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सकाळच्या शेकबरोबर घेऊ नका. कॅल्शियम, लोह, सोया असलं की गोळी नीट शोषली जात नाही. चार तासांचं अंतर सांगितलंय मला. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) का वाढतंय म्हणून सहा महिने डोकं खाजवत होतो.

शेवटचा_बाक
पोट साफ होत नाहीये चार दिवस, हे कुणी लिहिलंच नाही अजून. लाज कसली

मुंगीपावलं
पाणी पी भरपूर. डॉक्टरांना विचारून इसबगोल.

पावशेर
हे शेक प्रकरण नवीन नाही बरं का. १९५९ मध्ये अमेरिकेत मेट्रेकल आलं होतं, चार वेळा मिळून दिवसाच्या ९०० कॅलरी. आणि १९८८ मध्ये तिथली टीव्हीवरची प्रसिद्ध सूत्रसंचालिका ओप्रा विनफ्री तसल्याच पातळ आहारावर ६७ पौंड उतरवून तेवढी चरबी गाडीवर घालून स्टेजवर आली. मग तिचंही वजन परत आलं. हे ती स्वतःच सांगते.

उंबरा
तिच्याकडे आचारी असून!

शेवटचा_बाक
आत्ता अर्धा शेक बेसिनमध्ये ओतला आणि सफरचंद खाल्लं. चावताना कर्र असा आवाज आला तर बरं वाटलं. उद्या डॉक्टरांची वेळ घेतेय. खिडकीपाशी, त्या शेकरचा वास गेला का?

खिडकीपाशी
खायच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवला, झाकणातलं रबर काढून. नाही गेला. लेकीने ब्रश बुडवायला नेलाय. म्हणते, "आई, तुझा तो आजारपणाचा ग्लास ना हा?"