पेशंटांचं ऐकून तुमच्या दवाखान्यात काही बदललं का? (अनुभव धागा)

जिरावन_कमी :
मंडळी, जरा आपापले अनुभव लिहा. पेशंटांनी सांगितलं आणि दवाखान्यात खरंच काही बदललं असं तुमच्याकडे झालंय का? मोठ्या हॉस्पिटलांचं नाही विचारत, गल्लीतला फॅमिली डॉक्टर, वॉर्डाचं सरकारी सेंटर असं जवळचं.

सुरुवात मीच करते. आमच्या सुदामा नगरात एक जुने डॉक्टर आहेत, आता त्यांची सूनही प्रॅक्टिसला बसते. तिने पावसाळ्यात दारावर कागद लावला, रविवारी सकाळी या, इथे काय त्रास होतो ते सांगा, पोहे आहेत. पोहे म्हटल्यावर इंदूरात कोण घरी बसतंय! आधी बराच वेळ सगळे आपापल्या गुडघ्यांबद्दलच बोलले, फुकट ओपीडीच झाली ती. मग कोपऱ्यावर भाजीचा ठेला लावणाऱ्या बाई म्हणाल्या की मॅडम, दवाखाना दहाला उघडतो पण लोक सातपासून पायरीवर फाइल ठेवून निघून जातात, मी मंडीतून माल आणू की फाइल ठेवायला येऊ, माझा नंबर कायम शेवटचा. डॉक्टरांना हे माहीतच नव्हतं हो! ते मागच्या दाराने येऊन सरळ केबिनमध्ये बसतात, पायरी बघतायत कशाला. मग सगळे नंबर फोनवर द्यायला लागले तर म्हातारी माणसं लटकली, म्हणून आता अर्धे आदल्या संध्याकाळी फोनवर आणि अर्धे दहा वाजता समोर उभं राहील त्याला. फाइलवाले अजून चिडून आहेत.

दुपारचा_चहा :
आमच्याकडे पंखा बदलला. बस.

सुमन_मावशी :
आमचा कंपाउंडर स्वभावाने चांगला पण आवाज असा की बाहेर पानवाल्याला ऐकू जावा. "शुगरवाल्या काकू, लघवीची बाटली आणली का" असं भर वेटिंगमध्ये. माझ्या जाऊबाईंनी त्यापायी जाणंच सोडलं होतं आणि तरुण मुली तर काय सांगणार बिचाऱ्या, कशासाठी आलात हे त्याला सगळ्यांसमोर सांगावं लागायचं. आम्ही चारपाच बायकांनी मिळून डॉक्टरसाहेबांना सांगितलं, भांडून नाही, नीट बसून. त्यांनी टेबल आत पॅसेजमध्ये घेतलं आणि आता कागदावर लिहून द्यायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना तो आत बोलावून विचारतो. खर्च शून्य. जाऊबाई परत यायला लागल्या, आणि मला तर वाटतं अशा किती जणी नुसत्या लाजेने औषध न घेता बसल्या असतील.

राऊकर :
मुलगी लेस्टरला असते, जावई तिथल्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, पेशंट ग्रुपमध्ये आहे. इंग्लंडात प्रत्येक जीपी दवाखान्याने असा ग्रुप ठेवायचा हे २०१५ पासून त्यांच्या करारातच आहे, मेंबरांना पैसे वगैरे काही नाही. मी एकदा त्याच्याबरोबर जाऊन मागे बसलो होतो. विषय दोनच, सकाळी आठला फोन लागत नाही आणि लोक अपॉइंटमेंट घेऊन येत नाहीत. रिसेप्शनवाली बाई म्हणे लोक बेजबाबदार आहेत. तेव्हा एक आजोबा बोलले की कॅन्सल करायलाही तोच आठचा फोन, तो लागेपर्यंत माणूस कंटाळतो, मग येतही नाही आणि कळवतही नाही. त्यावर कॅन्सल करायला मेसेजची सोय केली. मला आवडलेली गोष्ट म्हणजे स्वतःच्या आजाराची तक्रार तिथे काढू देत नाहीत, त्याची वेगळी जागा आहे, त्यामुळे ताईंच्या गुडघ्यांसारखं होत नाही. पण एक खटकलं. ग्रुपमध्ये सगळे निवृत्त गोरे आणि बाहेर बाकावर बसलेल्या बहुतेक गुजराती आज्या. त्यांना कुणी विचारलं होतं की नाही देव जाणे.

निवृत्त_पण_व्यस्त :
राऊकर, इंग्लंडचं कौतुक जरूर करा, पण या बाबतीत आपलं इंदूरही काही मागे नव्हतं. १९९४ ला सुरतेत प्लेग झाला तेव्हा आपल्या एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलातल्या उंदरांची शहराला धडकी भरली, मग पेशंट दुसरीकडे हलवून हॉस्पिटल रिकामं केलं आणि साफ केलं, लोकांनी वर्गणी दिली. रोगी कल्याण समिती निघाली ती यातूनच. पेशंटांकडून जी फी जमेल ती भोपाळच्या खजिन्यात न जाता तिथेच खर्च करायची, ही त्यातली खरी मेख. पुढे ती मध्य प्रदेशभर गेली आणि २००५ च्या ग्रामीण आरोग्य मिशनमधून देशभर. आता माझी तक्रार. नाव रोगी कल्याण, पण समितीत अधिकारी, नेते, देणगी देणारे. रोगी कुठाय? आमच्या भागातल्या सेंटरवर मी विचारलं की समितीत कोण आहे तर फार्मासिस्ट माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी तिजोरीची किल्ली मागितली. नावं भिंतीवर लावा म्हणून अर्ज दिलाय, उत्तर नाही. १८१ या सीएम हेल्पलाइनलाही फोन करून झाला, त्यांनी तक्रार "समाधानपूर्वक" बंद केली, समाधान कुणाचं ते विचारू नका.

बस्तीवाली_ताई :
काका, तुमच्या समितीत रोगी नसतील, आमच्यात आहेत. मी महिला आरोग्य समितीत आहे. शहरी आरोग्य मिशनमध्ये ५० ते १०० घरांमागे एक समिती असते, वर्षाला ५००० रुपये मिळतात, त्यात काय होणार ते तुम्हीच बघा. पण पैशापेक्षा सिस्टरशी रोजचं बोलणं होतं त्याचा फायदा जास्त. आमच्या इथल्या बायका सकाळी पाच घरची भांडी करतात, सेंटरवर शुगर-बीपीची तपासणी नेमकी त्याच वेळी. बाया येत नाहीत म्हणून रजिस्टर रिकामं, आणि वर म्हणायचे जागरूकता नाही. अहो जागरूकता कसली, सुट्टी नाही! आता महिन्यातून एकदा सिस्टर संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर मशीन घेऊन बसते. गर्दी मावत नाही. सिस्टर बदलून गेली तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही, कारण हे कागदावर कुठेच नाही, सगळं तिच्या चांगुलपणावर चाललंय.

स्टेथोवाला :
मी स्वतः छोटा दवाखाना चालवतो, थोडी आमचीही बाजू ऐका. मी वेटिंगमध्ये वही ठेवली होती, सूचना लिहा म्हणून. सगळ्यात जास्त काय आलं सांगू? "इंजेक्शन लवकर देत जा" आणि "सलाइनची सोय करा". व्हायरल तापाला सलाइन लावून पेशंट खूश करणारे खूप आहेत, मला नाही जमत. म्हणून मी पहिल्या पानावर लिहून टाकलं, वेळ, बसायची जागा, पैसे, वागणूक आणि समजावून सांगणं यावर बिनधास्त लिहा, औषध कोणतं ते मी ठरवीन. त्यानंतर कामाचं यायला लागलं. माझं अक्षर वाचता येत नाही हे इतक्या जणांनी लिहिलं की शेवटी प्रिंटर घेतला. आता काही आजोबा म्हणतात छापील चिठ्ठी डॉक्टरची वाटत नाही.

सुमन_मावशी :
@स्टेथोवाला, आणि औषध कंपन्यांच्या एमआर लोकांचं काय डॉक्टर? आम्ही तासभर बसायचं आणि ते टाय लावून आले की सरळ आत.

स्टेथोवाला :
मावशी, ते वहीत तीनदा आलंय. आता त्यांना दुपारी दोननंतर बोलावतो.

फाइलवाली :
कुणी रेकॉर्डबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते. सासऱ्यांना दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं, आधीच्या ठिकाणी कागद मागितले तर "ते आमचे असतात" म्हणाले. मेडिकल काउन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे. मी ते छापून काउंटरवर ठेवलं, भांडले नाही. कागद मिळाले. आणि पुढच्या वेळी गेले तर काउंटरवर "फाइलची कॉपी, झेरॉक्सचे पैसे वेगळे" अशी पाटी.

दुपारचा_चहा :
ताई, पोह्यांचा खर्च कोण करतं? आमच्या डॉक्टरांना पंख्याच्या पुढे न्यायचंय.

जिरावन_कमी :
पहिल्यांदा मॅडमनी केला, आता आम्ही आळीपाळीने करतो, नाहीतर त्यांचंच खाऊन त्यांनाच काय बोलणार. आणि एक करा, पहिल्याच दिवशी भाजीवाली, रिक्षावाला, कामवाली यांना स्वतः जाऊन बोलावून आणा. कागद वाचून आमच्यासारखे रिकामटेकडेच येतात. आमच्याकडे पुढचा विषय जिन्याचा आहे, दवाखाना वरच्या मजल्यावर आणि घरमालक रॅम्पला जागा देत नाहीये, कुणाकडे यावर काही तोडगा निघाला असेल तर लिहा.